भाऊजींच्या चित्रातल्या चुका

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत चित्रावरून जेवढी म्हणून भांडणं झाली, ती सगळी तुमच्या आजोबांच्या एका मामेभावाने लावली, असं मी छातीठोकपणे सांगते. जमिनीवरून, बैलावरून, लग्नातल्या मानपानावरून भांडणारी माणसं सगळीकडे असतात. पण हॉटेलच्या पाटीवर काढलेल्या समोशावरून चार माणसं एकमेकांच्या अंगावर धावलेली मी फक्त त्यांच्यामुळे पाहिली. परवा फोनवर तुम्ही सांगत होता, की शाळेने तुम्हाला तिकडच्या मोठ्या चित्रसंग्रहालयात नेलं होतं. तिथे माणसं चित्रापुढे हात मागे बांधून उभी राहतात, मान जराशी तिरकी करतात आणि काही न बोलता पुढच्या चित्राकडे सरकतात. ऐकून मला हसू आलं. म्हटलं, या मुलांनी चित्र बघणारी माणसं अजून पाहिलेलीच नाहीत. म्हणून हे लिहायला बसले आहे. नात्याने ते माझे धाकटे दीर, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणते; बाकी सगळा मुलूख त्यांना पेंटरभाऊ म्हणतो. तुम्ही काय म्हणायचं ते ठरवा, पण आजोबा म्हटलेलं त्यांना खपणार नाही. अख्ख्या जगाला आहे तसं दाखवणारा हा माणूस स्वतःचे केस मात्र दर पंधरवड्याला काळे करतो. एकदा मी त्यावर बोट ठेवलं, तर शांतपणे म्हणाले, "वैनी, ते चित्र नाई. ते मेंटेनन्स आहे."

भाऊजींचा चित्रकलेतला नियम एकच. जे समोर आहे तेवढंच काढायचं, आणि जे समोर आहे ते सगळं काढायचं. यातला दुसरा अर्धा भाग किती घातक आहे, हे त्यांना आजवर उमगलेलं नाही. चिमूरच्या बसस्टँडजवळच्या एका हॉटेलवाल्याने त्यांना पाटी रंगवायला दिली. एका बाजूला हॉटेलचं नाव आणि दुसऱ्या बाजूला बशीत समोसे, एवढंच काम. दुसरा कोणी पेंटर असता तर डोळे मिटून सोनेरी समोसे काढून, वर वाफेच्या दोन रेघा ओढून मोकळा झाला असता. भाऊजींनी खरे समोसे मागवले, बशी स्टुलावर ठेवली आणि समोर मांडी घालून बसले. दुपारपर्यंत समोसे सुकले, एकाचं टोक मोडलं आणि त्या मोडक्या टोकावर एक माशी येऊन बसली. हे सगळं पाटीवर आलं. हॉटेलवाला कपाळावर हात मारून विचारू लागला, की माशी काऊन काढली? भाऊजी म्हणाले, "बसली होती." पाटी लागली आणि पहिल्याच सकाळी बसमधून उतरलेल्या एका माणसाने खांद्यावरच्या दुपट्ट्याने ती माशी हाकलली. ती हलली नाही म्हणून त्याने पुन्हा हाकलली. दुसरा त्याला हसला, तिसरा म्हणाला माशी खरीच आहे, पाटीला चिकटून मेली आहे. चौथ्याने पैज मारली. पाटीखाली रोज हा खेळ रंगू लागला आणि आत समोसे कोणी खाईना. शेवटी मालकाने स्वतः चुन्याचं बोट लावून ती माशी पुसली. तेव्हापासून गिऱ्हाइकं विचारू लागली, की समोशावर हे पांढरं काय पडलं आहे.

आपल्याकडे घरातलं माणूस गेलं, की मतदान कार्डावरचा फोटो घेऊन पेंटरकडे जायची पद्धत आहे. त्यावरून मोठं चित्र करायचं, रंग दोन हात उजळ करायचा, जन्मात कोट न घातलेल्या माणसाला कोट चढवायचा, आणि हार घालून भिंतीवर लावायचं. भाऊजी हे काम घेत नाहीत. माणूस जित्ता असताना आणा म्हणतात. आता जिवंतपणी असं चित्र काढून घ्यायला कोण जाईल? पण आरमोरीकडचा एक भात पिकवणारा म्हातारा स्वतः चालत आला. मेल्यावर पोरं माझं तोंड भलतंच करून ठेवतील, त्यापेक्षा माझ्या देखत काढा, असं त्याचं म्हणणं. भाऊजींनी त्याला अंगणात खाटेवर बसवला आणि काढला: एक डोळा बारीक, दाढीचे खुंट वाढलेले, कानावर अर्धी बीडी. पोरांना बीडीची लाज वाटली, सुनांना दाढीची. चित्र ओसरीत लागलं, तर येणारा-जाणारा चपला काढून आत यायचा, चित्राकडे बघून उसासा टाकायचा आणि विचारायचा, कधी गेले? त्यावर चित्राखालीच खाटेवर बसलेला म्हातारा म्हणायचा, "अजून निघालो नाई, चहा घ्या." गंमत पुढेच आहे. म्हाताऱ्याची बायको त्या ओसरीतून जाताना चित्राकडे बघून डोक्यावर पदर घेऊ लागली. खुद्द म्हाताऱ्यापुढे पदर घेणं तिने कधीच सोडून दिलं होतं. ते बघून म्हातारा चित्रावर जळू लागला. भाऊजींकडे तक्रार घेऊन आला, की माझ्याच घरात माझ्यापेक्षा त्याचा मान जास्त आहे.

एका शाळेच्या भिंतीवर त्यांना वाघ काढायला सांगितला होता. आमच्या भागात वाघ हा घरच्यासारखा विषय, प्रत्येकाचं त्यावर मत असतं. भाऊजींनी झोपलेला वाघ काढला. पाय ताणलेले, पोट वर, जीभ जराशी बाहेर. हेडमास्तर म्हणाले, अहो, डरकाळी फोडणारा पाहिजे. भाऊजी म्हणाले की मी जेव्हा जेव्हा पाहिला तेव्हा तो झोपलेलाच होता, तुम्ही पाहिलेला डरकाळी फोडत असेल तर त्याला आणा. पालकसभेत चर्चा झाली. कोणी म्हणालं वाघ आजारी दिसतो, कोणी म्हणालं हा वाघ नसून बैल आहे आणि वर पट्टे मारले आहेत, आणि एक बाई म्हणाली की मुलाला वर्गात झोपू नको म्हटलं तर तो भिंतीकडे बोट दाखवतो. वाघ राहिला. मुलं अजून झोपतात.

भाऊजींमुळे मला चित्र बघणाऱ्यांच्या जाती ओळखता येऊ लागल्या. मला वस्तू जागच्या जागी लावायची सवय आहे, ती मी माणसांनाही लावते. काही जण हात लावून बघणारे असतात. त्यांना रंगवलेला आंबा दिसला की ते तो दाबून पाहतात आणि मग पेंटरने आपल्याला फसवलं म्हणून रागावतात. काही जण मोजणारे. म्हशीच्या बरगड्या मोजतात, शिंगांचा पीळ बघतात आणि दूध किती देते ते विचारतात. सगळ्यात मोठी जात म्हणजे, यात मी कुठे आहे, असं विचारणाऱ्यांची. जत्रेचं चित्र असेल तर ते आपलं डोकं शोधतात. सापडलं नाही तर चित्र चुकलं, आणि सापडलं तरी चुकलंच, कारण नाक. शिकलेली माणसं काही वेगळी नसतात, हे मला चंद्रपूरला कळलं. तिथे एका हौशी मंडळाच्या प्रदर्शनात मी हट्टाने भाऊजींची दोन चित्रं ठेवायला लावली होती. गावाकडे कोणी म्हणालं की "अगदी फोटोसारखं आहे", तर ती सगळ्यात वरची शाबासकी. इथे एक चष्मेवाले गृहस्थ बराच वेळ उभे राहिले आणि नाक मुरडून म्हणाले, छे, हे तर फोटोसारखंच आहे. तेच शब्द, पण भाऊजींना दिवसभर समजेना, की याचे आभार मानायचे की याला हाकलायचं. शेवटी त्यांनी आभार मानले. ते गृहस्थ एवढे गोंधळले, की त्यांनी अभिप्रायाच्या वहीत "प्रामाणिक" असा एकच शब्द लिहिला आणि निघून गेले.

या सगळ्या आरडाओरड्याचा भाऊजींवर काडीइतका परिणाम होत नसे. कोणी चूक काढली, की ते म्हणत, वस्तू आणा आणि शेजारी ठेवा. म्हशीचं शिंग चुकलं असेल तर म्हैस आणा. लोक म्हैस आणत. एकदा तर एका चित्राशेजारी खरी म्हैस, तिचा मालक आणि त्याचे साक्षीदार असे सगळे उभे होते. भाऊजी जिंकायचेच, कारण त्यांनी जे समोर होतं तेच काढलेलं असायचं. आयुष्यभर ते या एका खुंटीला धरून उभे होते. ती खुंटी हलली ती पडद्याच्या वेळी. तीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

तुमच्या आजोबांचं आजोळ, म्हणजे भाऊजींचं गाव, आता जिथे आहे तिथे पूर्वी नव्हतं. ते आत जंगलात होतं. ते जंगल वाघांसाठी राखायचं ठरलं, आणि गाव उठलं. सरकारने बाहेर रस्त्यालगत नवीन वस्ती बांधून दिली. सरळ रेषेत रस्ते, एकसारखी घरं, नळ, वीज, शाळा. खोटं कशाला बोलू, दवाखाना जवळ आला म्हणून बायकांना बरंच वाटलं. पण प्लॉट चिठ्ठ्या टाकून मिळाले, त्यामुळे भिंतीला भिंत लागून राहिलेली माणसं गावाच्या दोन टोकांना गेली. काही घरं तर इकडे आलीच नाहीत, नातेवाइकांच्या आधाराने दुसरीकडे पांगली. धानाची कापणी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक होतं. नवीन गावाला हे सुचायलाच बरीच वर्षं गेली. मग तरुण पोरांनी नाट्यमंडळ काढलं आणि मंचाच्या दर्शनी पडद्याचा प्रश्न आला. मंडळाचा अध्यक्ष हा एक हुशार, घाईचा मुलगा. गाव उठलं तेव्हा तो पाळण्यात होता. त्याने मोबाइलवर चंद्रपूरच्या फ्लेक्सवाल्याचा नमुना आणला: राजवाडा, कारंजं आणि दोन राजहंस. म्हातारी माणसं म्हणाली, की घरात पेंटर असताना राजहंस कशाला? पडदा पेंटरभाऊंना द्या, आणि आपलं जुनं गाव काढू द्या. बरीच बाचाबाची होऊन ठरलं ते असं: भाऊजींनी पडदा करायचा, मंडईच्या दुपारी तो मैदानात टांगायचा, आणि गावाने पास केला तर लावायचा. गाव फिसकन हसलं, तर फ्लेक्स तयार असेल. भाऊजींना त्याआधी बरीच वर्षं पडद्याचं काम मिळालं नव्हतं. पाट्याही फ्लेक्सनेच खाल्ल्या होत्या. त्यांनी मला फोन करून सांगितलं, की हा पडदा नापास झाला तर ब्रश बोडीत टाकून देतो. तुम्हाला सांगायला हवं, बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं लहानसं तळं. आणि ती बोडीही जुन्या गावातच राहिली होती.

अडचण कोणाच्या लक्षात आली नव्हती, पण त्यांच्या पहिल्याच दिवशी आली. गाव समोर नव्हतं. मग त्यांनी तिकीट काढलं. आपल्याच गावी जायला वाघ बघायला आलेल्यांच्या जिप्सीत बसून, टोपी घालून, गळ्यात वही अडकवून ते आत गेले. बरोबर मोठ्या शहरातलं एक कुटुंब होतं. भाऊजींनी सांगितलेलं सांगते: जिथे चावडी होती तिथे कमरेएवढं गवत, त्यात हरणं चरत होती, आणि एका बाजूला विहिरीचा तेवढा कठडा. गाईड म्हणाला, इथे पूर्वी एक गाव होतं. भाऊजी म्हणाले, गाडी थांबवा. ते कुटुंब म्हणालं, वाघ आहे का? भाऊजी म्हणाले नाई, माह्यं घर आहे. तेव्हा त्या कुटुंबातल्या बाई अगदी सौजन्याने म्हणाल्या, की मग परत येताना बघा ना. परत येताना गाडी दुसऱ्या वाटेने आली. वहीत गवताची एक रेघ होती, तेवढीच.

तुमच्या शाळेच्या पुस्तकात अशा वेळी चित्रकार डोळे मिटतो आणि त्याला सगळं दिसू लागतं. भाऊजींना काही दिसलं नाही. मांजरपाटाचं एवढं मोठं कापड शिवून, खळ लावून, सफेदा देऊन शाळेच्या भिंतीला टांगलं होतं आणि ते त्याच्यापुढे मांडी घालून बसले होते. मी गेले तेव्हा म्हणाले, की वैनी, समोर आहे ते काढायचं म्हटलं तर हे पांढरंच बरोबर आहे. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. मग नाइलाजाने, आठवेल तसं, त्यांनी कोपऱ्यातून एक घर काढायला घेतलं. कुडाच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं, पुढे ओटा.

पहिली तक्रार संध्याकाळच्या आत आली. पाण्याची घागर घेऊन जाणारी एक बाई थांबली, घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "पेंटरभाऊ, माह्या घराचा ओटा एवढासाच होता काय जी? चार बाया बसत होतो आम्ही." मी वाट बघत होते, की ते आता म्हणणार, ओटा आणा आणि शेजारी ठेवा. पण त्यांनी ब्रश तिच्याकडे रोखून विचारलं, "सांग बाई, केवढा होता?" ती बाई खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी मातीवर ओटा दाखवला, कोण कुठे बसायची त्यासकट.

मुलांनो, त्यानंतर जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. सगळं गाव चुका काढायला लोटलं. हात लावणारे, मोजणारे, स्वतःला शोधणारे, सगळ्या जाती एकदम. माझ्या दाराला कडी आतून होती. शेवग्याचं झाड डावीकडे. आमचं कुत्रं एवढं मरतुकडं नव्हतं. तुमचं कुत्रं याहून मरतुकडं होतं. एकीने तर सांगितलं, की माझ्या घराला स्लॅब दाखवा, कारण आता स्लॅब आहे. दुसरी म्हणाली, की कुडाच्या भिंती कशाला दाखवता, पाहुणे म्हणतील हे लोक गरीब होते. अध्यक्ष मुलाने तेच उचलून धरलं आणि निदान तेवढा उकिरडा तरी काढून टाका म्हणाला. तिथे मात्र भाऊजी जुन्या सुरात बोलले, "उकिरडा नाई तर कोंबड्या कुठी उभ्या करू?" पण बाकी प्रत्येक चूक त्यांनी डोकं खाली घालून ऐकली आणि दुरुस्त केली. ज्या आरडाओरड्याला आयुष्यभर त्यांनी भीक घातली नाही, तोच आता त्यांच्या समोर बसायला आला होता. म्हैस नव्हती, पण तिचा मालक आणि साक्षीदार होते. त्यावरच त्यांना काम करायचं होतं.

सगळ्यात मोठा तंटा धुऱ्यावरून झाला. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. दोन सख्खे भाऊ होते, दोघांचंही वय झालेलं. जुन्या गावात त्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, एकाला एक लागून होत्या आणि धुरा कोणी सरकवला यावरून ते तेव्हापासून बोलत नव्हते. आता त्या जमिनीवर हरणं चरतात. दोघांनाही तिच्याबदल्यात वेगवेगळ्या जागी जमीन मिळाली आहे. पण भाऊजींनी पडद्यावर धुरा काढला आणि दुसऱ्या दिवशी थोरला भाऊ टेप घेऊन हजर झाला. त्याने पडद्यावर मोजमाप घेतलं आणि धाकट्याने माझ्या बांधीत वीतभर आत येऊन अतिक्रमण केल्याचं जाहीर केलं. धाकट्याने सरपंचाला बोलावून आणलं. सरपंच म्हणाला, की काका, हे चित्र आहे. तर दोघेही भाऊ एका सुरात त्याच्यावर धावले, की चित्र आहे म्हणून काय झालं, धुरा तर धुरा आहे ना? कित्येक वर्षांत ते पहिल्यांदाच एका सुरात काही बोलत होते. दुपारभर वाद चालला. धुरा बापाने कसा घातला, कोणत्या पळसापासून धरला, पाऊस जास्त झाला त्या साली कुठून फुटला, हे दोघांनी एकमेकांना एवढं समजावून सांगितलं, की बघणारे कंटाळून जेवायला गेले आणि हे दोघे तिथेच राहिले. निकाल लागला नाही. भाऊजींनी अखेर वादाच्या जागेवर बरोबर एक बैलबंडी उभी केली. मी डोळे वटारले, तर म्हणाले, की बंडी तिथी उभी राहायचीच, मी पाहिली आहे. आता तो धुरा बंडीमागे झाकलेला आहे, आणि दोघा भावांचं म्हणणं आहे की बंडी आमची.

मंडईची दुपार आली. मैदानात बल्ल्या रोवून पडदा टांगला, खालची कड जमिनीला टेकलेली. मंच नंतर बांधायचा होता. दुसरीकडे पांगलेली घरंही मंडईला म्हणून आली होती, कोणी बसने, कोणी मोटारसायकलवर. अध्यक्ष फ्लेक्सची गुंडाळी काखेत धरून एका बाजूला उभा होता. भाऊजींनी स्टुलावर रंगाच्या वाट्या मांडल्या, ब्रश ओला केला आणि तयार राहिले, कारण नवीन माणसं म्हणजे नवीन चुका.

पहिल्यांदा ती ओट्यावाली बाई पुढे गेली आणि आपल्या घरापुढे, पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. का, ते मला कळलं नाही. तिच्या शेजारच्या घरापुढे बाहेरगावाहून आलेली एक म्हातारी जाऊन उभी राहिली. मग एकेक करून सगळे. कोणी काही ठरवलं नव्हतं, पण ज्याला आपलं दार सापडेल तो त्यात जाऊन उभा राही, तोंड बाहेर करून, जसं माणूस संध्याकाळी आपल्या दारात उभं राहतं तसं. चिठ्ठ्यांनी गावाच्या टोकाटोकाला टाकलेले शेजारी पुन्हा शेजारी झाले. अध्यक्षाची आई आली, त्याच्या दंडाला धरून ओढत घेऊन गेली आणि म्हणाली, "इथी उभा राह्य. हे आपलं." तो काखेतल्या फ्लेक्ससकट तिथे उभा राहिला. ओट्यावाल्या बाईने मान वळवून शेजारच्या म्हातारीला विचारलं, "झाला का वो सैपाक?" ती म्हणाली, "होऊन राह्यला." एवढंच. पुष्कळ वेळ कोणी जागचं हललं नाही.

पडदा पास झाला हे जाहीर करायची कोणाला आठवण राहिली नाही. संध्याकाळी तो मंचाला लागला, नाटक झालं, त्यातला नायक राजाच होता आणि तो आमच्या उकिरड्यासमोरून तलवार घेऊन आला, त्याचं कोणाला काही वाटलं नाही. राजहंसांचा फ्लेक्स पुढे कोणीतरी तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर पांघरला. पण मी पाहत होते ते भाऊजींकडे. दुपारी सगळं गाव पडद्यापुढे उभं असताना ते गर्दीच्या पाठीमागे, ओला ब्रश हातात धरून, एकटे राहिले होते. माणसांमुळे त्यांना स्वतःचं चित्र दिसत नव्हतं. त्यांनी दोनदा मोठ्याने विचारलं, की कोणाचं काही चुकलं काय जी? कोणी वळून पाहिलं नाही. माझ्याजवळ येऊन ते हळूच म्हणाले, "वैनी, कोणीच काई बोललं नाई." मी म्हटलं, भाऊजी, यापेक्षा मोठी शाबासकी नसते. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं.

आता दर वर्षी मंडईच्या आधी पडदा उन्हाला काढतात. भाऊजी शेजारी स्टुलावर रंग घेऊन बसतात. तरुण मुलं येतात, लय भारी आहे म्हणतात, पडद्यापुढे उभं राहून फोटो काढतात आणि जातात. त्यांचं काही चुकत नाही, ते गाव त्यांनी पाहिलेलंच नाही. ओटा लहान आहे, झाड भलतीकडे आहे, हे सांगू शकणारी माणसं दर वर्षी थोडी कमी होत चालली आहेत. रंग वाळून जातो, भाऊजी त्यात पुन्हा पाणी घालतात.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. उन्हाळ्याऐवजी या वेळी हिवाळ्यात या, मी तुम्हाला तिथे घेऊन जाईन. पडदा बघून छान आहे असं बिलकुल म्हणू नका. काहीही विचारा. विहीर एवढी अरुंद का, त्या घराला खिडकीच का नाही, हा माणूस झाडाखाली नुसता काय बसला आहे. ते आधी रागावतील. मग ब्रश खाली ठेवतील आणि सांगायला लागतील. तुम्ही तिथेच मातीत बसा, आणि त्यांचं सांगून होईपर्यंत उठू नका.